ठिणगी पडते ती प्रवाह तुटताना

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. सिलिंडरात दाबलेले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटवण्यासाठी स्पार्क प्लगच्या टोकाशी मात्र हजारो व्होल्ट लागतात, प्रसंगी २० हजारांहूनही अधिक. हे अंतर भरून काढते ती इग्निशन कॉइल. तिच्या लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचे. जाड वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र उभे राहते. ठिणगी पडते ती हा प्रवाह अकस्मात तोडल्यावर. तोड जितकी झटपट, तितकी ठिणगी जोरकस.

जुन्या अ‍ॅम्बॅसडर वा पद्मिनीत ही तोड ‘पॉइंट’ करीत. डिस्ट्रिब्युटरमधील हे धातूचे दोन तुकडे इंजिनाबरोबर उघडझाप करीत, जळत, झिजत. मग मेकॅनिक ते पॉलिश पेपरने घासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट पुन्हा लावून देई. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की गाडी अडून बसे. कोरड्या फडक्याने टोपी पुसणे हा त्या काळच्या चालकांचा नित्यविधीच होता.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. त्याला घर्षण नाही, झीज नाही. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ मध्ये आपल्या तेथील सर्व मोटारींना ती बसवली. पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला आणि बहुतेक गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल मिळाली.

ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, हा प्रश्न अधिक नाजूक. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्टची एक फेरी २० मिलिसेकंदांत संपते आणि मिश्रण जळण्यातच त्यांपैकी काही मिलिसेकंद जातात. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. वेग वाढला की आणखी आधी. क्रँकशाफ्टवरील दातेरी चाकाचे दात सेन्सर मोजतो. अनेक गाड्यांत ६० पैकी २ दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून संगणक पिस्टनची स्थिती ताडतो.

एखादी कॉइल निकामी झाली तर इंजिन थरथरते, ‘मिसिंग’ करते आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागतो. अशा वेळी गाडी तशीच दामटणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो अतोनात तापतो आणि आतून वितळूही शकतो. त्याच्या किमतीपुढे कॉइलची किंमत किरकोळ. दोष ओळखण्याची मेकॅनिकची युक्ती सोपी आहे. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. मिसिंगही तिच्यामागोमाग तिकडे गेले, तर बदलायची ती तीच.