अब्बांची बीपीची गोळी आणि डोक्याचा मार

आमच्या अब्बांच्या डब्यात टेल्मिसार्टन असते. चकलांब्यात बऱ्याच घरांत बीपीची अशी एखादी गोळी सापडेल. हिचा डोक्याच्या माराशी काय संबंध?

मोटारसायकलवरून पडून डोके आपटले की एक इजा तिथेच होते. दुसरी नंतर कित्येक दिवस आतून चालते : मेंदूची सूज आणि दाह. अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवते, आणि हा दाहही तेच भडकवते. टेल्मिसार्टन, कँडेसार्टन त्याची वाट अडवतात. मार लागलेल्या उंदरांना या गोळ्या दिल्या तेव्हा दाह कमी झाला, मेंदूची जखमही लहान राहिली.

पण ते उंदीर! घरात कोणी डोक्यावर पडले तर डब्यातली गोळी मुळीच देऊ नका. बीपी उतरले तर जखमी मेंदूला रक्त कमी पडते. 15 ते 49 वयाच्या जखमीचा वरचा आकडा 110 च्या खाली जाऊ नये, याकडे डॉक्टरांचे लक्ष असते.

जखमी आधीपासूनच बीपीची गोळी घेत असेल, तर दवाखान्यात जाताना तिचे पाकीट सोबत न्या. ऐन वेळी नाव आठवत नाही. अम्मीला विचारले तर ती एवढेच सांगते, “ती पांढरी, छोटी.”