दहा श्वासांचा एक मणी

दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, तर त्याला न्यूमोनिया असण्याची शक्यता धरतात. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हे सहज मोजतात. गडचिरोलीच्या खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या अनेक सुईणींना मात्र साठपर्यंत अंक येत नव्हते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने त्यांच्यासाठी एक साधन तयार केलं. त्यात मिनिटभराचं वाळूचं घड्याळ होतं आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या, एक तान्ह्यांसाठी आणि दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा.

सुईणी, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायचं, असा ‘सर्च’चा प्रयोग होता. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगातल्या गावांत न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळलं.

कमी-जास्त जाणणारी माणसं एकत्र काम करू लागली की आपण सहसा खालच्या पायरीवरच्यांना शिकवायला घेतो. इथे मेहनतीचा मोठा वाटा डॉक्टरांनी उचलला. एक निर्णय घ्यायला आपल्या ज्ञानातलं नेमकं काय लागतं, हे त्यांना शोधावं लागलं. वर्षानुवर्षांच्या सरावाने मोजणं, घड्याळ आणि लक्षात ठेवलेला आकडा एकजीव होऊन गेलेले असतात. ते पुन्हा सुटे करणं तज्ज्ञाला फार जड जातं. रोग एका नजरेत ओळखणाऱ्या डॉक्टरला ‘कसं ओळखलंत?’ असं विचारून पाहा, उत्तर चटकन येत नाही.

ही झाली एक बाजू. ज्याला कमी कळतं असं आपण धरून चालतो, त्याच्याजवळचं ज्ञान वर कसं पोचवायचं, ही त्याहून अवघड बाजू. अमेरिकेतल्या गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये याच्या जवळ जाणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौघाचौघांच्या गटांनी तीन काल्पनिक उमेदवारांतून एकाची निवड करायची होती. सर्वांत लायक उमेदवाराचे गुण चौघांत थोडे थोडे वाटून दिलेले होते. प्रत्येकाने आपल्याजवळचं सांगितलं असतं, तर निवड अगदी सोपी होती. पण बहुतेक गट चुकले. सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलणं होत राहिलं आणि एकट्यालाच माहीत असलेलं मागे पडलं. तिथे तर सगळे बरोबरीचे विद्यार्थी होते. एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे बाळाला मांडीवर घेतलेली आई असेल, तेव्हा किती सांगायचं राहून जात असेल!

‘सर्च’ने १९९५ नंतर नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा याचं उत्तर कामाच्या पद्धतीतच होतं. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग ओळखायला प्रयोगशाळा नव्हती, म्हणून पुढे या अनुभवातून साधी लक्षणं निश्चित झाली. बाळाचं दूध ओढणं मंदावलं किंवा थांबलं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग हाताला गार लागलं, उलटी झाली किंवा पोट फुगलं, श्वास घेताना छाती खूप आत ओढली जाते, बेंबी पिकली. या सातांपैकी कुठलीही दोन दिसली की उपचार. पहिली दोन पुन्हा वाचा. रडणं कालच्यापेक्षा बारीक झालंय हे कुठल्याही डॉक्टरला पहिल्या भेटीत कळणार नाही. ते कळतं आईला. हे लक्षण यादीत असलं की आरोग्यदूताला आईला विचारावंच लागतं, आणि आईच्या शब्दावर उपचाराचा निर्णय होतो.

या बायका जेन्टामायसिनचं इंजेक्शनही देत होत्या. खेड्यातल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची, हे अनेकांना पटण्यासारखं नव्हतं. ३९ गावांत हे काम झालं आणि ४७ गावं तुलनेसाठी घेतली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आकड्यांनुसार नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत पूर्वी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर २.८ टक्के.

यात डॉक्टरची गरज संपली असं कुणी समजू नये. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येत, नोंदी पडताळत आणि आरोग्यदूताला शिकवत. बाळांवर उपचार मात्र ते करत नसत. मला हा सगळ्या रचनेतला सर्वांत धाडसी नियम वाटतो. डॉक्टरने एकदा बाळ हातात घेतलं असतं, तर पुढच्या वेळी गाव आरोग्यदूताकडे गेलंच नसतं, आणि मधले चौदा दिवस बाळाला कुणीच उरलं नसतं. आपल्याला येतं ते काम दुसऱ्याच्या हातून होऊ द्यायचं आणि तरी चुकांवर नजर ठेवायची, यासाठी अंगी मोठा संयम लागतो.

२०११ मध्ये ही कल्पना देशभरातल्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बाळाच्या घरी सहा भेटी, घरी झालं तर सात, शेवटची ४२व्या दिवशी. एकविसाव्या दिवसाची भेट आटोपून आशाताई एखादं बाळ घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा तिने त्याला निदान चार वेळा पाहिलेलं असतं, त्याचं वजन केलेलं असतं, आईशी बोललेली असते. ड्यूटीवरचे डॉक्टर त्याला बहुधा पहिल्यांदाच बघत असतात. तिला दाराबाहेर थांबवू नये. तपासणीच्या टेबलाशी उभं करून पहिला प्रश्न तिला विचारावा आणि दुसरा आईला.