रिकाम्या रकान्यांची चौकशी

रुग्णालयातून डेटाची फाइल आली की मी आधी आकडे बघत नाही, गाळलेल्या जागा बघतो. वय सगळ्यांचं असतं, रक्तदाब बहुतेकांचा. क्रिएटिनिनपासून विरळ व्हायला लागतं आणि एचडीएल कोलेस्टेरॉलच्या कॉलममध्ये तर मोकळं रान. काही जागा रिकाम्या असूनही भरलेल्या दिसतात: वजन ९९९, रक्तदाब ०. शून्य रक्तदाबाचा पेशंट पुढे फॉलो-अपला येऊन गेलेला दिसतो, तेव्हा ते शून्य म्हणजे ‘नोंद नाही’ हे उमगतं. ही सोंगं उतरवली की मग खरी चौकशी.

त्यासाठी केसपेपर घेऊन वॉर्डातल्या डॉक्टरांपाशी बसावं लागतं. ‘‘या आठवड्यात सोडियम कुणाचंच कसं नाही?’’ ‘‘किट संपलं होतं, सर.’’ हे सोपं. त्याचा पेशंटच्या तब्येतीशी संबंध नाही. ‘‘तरुणांचं कोलेस्टेरॉल?’’ ‘‘चाळिशीच्या आत सहसा लिहून देत नाही.’’ इथे कारण वयात आहे आणि वय नोंदलेलं आहे. ‘‘आणि याचा एबीजी?’’ (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी.) ‘‘नीट बोलत होता, धाप नव्हती. कशाला टोचायचं?’’ हे मात्र अवघड. डॉक्टरांनी जे पाहिलं ते कागदावर आलंच नाही. नोंद का राहिली, हा प्रश्न गणितात नीट मांडला तो डोनाल्ड रुबिन यांनी, १९७६ सालच्या निबंधात. अशा कारणांची आजची वर्गवारी त्यातूनच आली.

तपासणी न सांगणं हीसुद्धा माहितीच. बॉस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २७२ पैकी २३३ तपासण्यांच्या बाबतीत, रिपोर्ट काहीही येवो, ती सांगितली गेली होती की नाही एवढ्याचाच रुग्ण वाचण्याच्या शक्यतेशी संबंध आढळला.

कारण कळलं की भरायला घ्यायचं. अपुऱ्या रांगा उडवल्या, तर भरपूर तपासण्या झालेले, म्हणजे बहुधा जास्त आजारी, लोक तेवढे उरतात. सगळीकडे सरासरी डकवली, तर या डेटावरून धोक्याचं भाकीत करणाऱ्या मॉडेलला नको तेवढी खात्री वाटू लागते. म्हणून मल्टिपल इम्प्युटेशन. वय, मधुमेह, बाकीच्या तपासण्या यांच्या आधारे संभाव्य किमती काढायच्या, पण एकावर थांबायचं नाही. फाइलच्या वीस प्रती होतात. ५८ वर्षांच्या मधुमेही बाईंचं एचडीएल एकीत ४१, दुसरीत ४८, तिसरीत ३७. प्रत्येक प्रतीवर मॉडेल चालवून उत्तरं एकत्र करायची. प्रतीगणिक उत्तर जितकं हलतं, तितका आपला अंदाज कच्चा. हे निष्कर्षात दिसलंच पाहिजे.

भरणं चुकलं तर काय होतं, याचा दाखला ब्रिटनमधला आहे. हृदयविकाराचा धोका वर्तवणारं ‘क्यूरिस्क’ मॉडेल २००७ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यात कोलेस्टेरॉलचा धोक्याशी संबंधच दिसेना. पूर्ण नोंदी असलेल्यांत तो स्पष्ट होता, आणि भरण्याची पद्धत सुधारल्यावर सगळ्यांतच दिसू लागला.

नवख्यांना एक गोष्ट पचत नाही. कोलेस्टेरॉलची जागा भरताना त्या माणसाला पुढे अटॅक आला की नाही, हेही हिशेबात धरावं लागतं. ‘‘ही तर कॉपी झाली!’’ असं ते म्हणतात. पण ते वगळलं, तर अटॅक आलेल्यांना आणि न आलेल्यांना सारख्याच किमती मिळतात आणि जो संबंध शोधायचा तोच पातळ होतो.

ओपीडीत मात्र ही सोय नाही. समोरच्याचं पुढे काय होणार, हाच तर तिथे प्रश्न असतो. म्हणून मॉडेल पक्कं करण्याआधी मी डॉक्टरांना विचारतो, हा आकडा तुमच्या टेबलावर कधी येतो? ‘‘रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो,’’ असं उत्तर आलं, तर त्या घटकाने भाकीत कितीही सुधारत असलं तरी मी तो काढतो, नाहीतर त्याच्यावाचून चालणारं दुसरं मॉडेल सोबत देतो.