पायाखालची हिरवळ – लेखांक ७ : जयनगरची सावली आणि चार बोटं माती

बंगळूरच्या जयनगरमध्ये लॉन का टिकत नाही याचं अर्धं उत्तर मान वर केली की दिसतं, उरलेलं अर्धं फूटभर खणलं की. १९४८ साली पायाभरणी झालेली ही वसाहत. चाळीस बाय साठच्या साइटी, कडेला रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर. पाऊणशे वर्षांत झाडं इमारतींच्या डोक्यावर गेली आणि त्यांच्याखालच्या बंगल्यांचे कॅफे, दवाखाने, बालवाड्या, शोरूम झाले. दर्शनी भागात मोकळा पट्टा उरतो आणि तो हिरवागार दिसावा ही प्रत्येक मालकाची हौस. हरळीला दिवसाकाठी सहा तास तरी थेट ऊन लागतं. जुन्या रेन ट्रीखाली त्याच्या निम्मंही मिळत नाही. मग पाती लांबुडकी, फिकट होतात, मूळ धरत नाही आणि वरून गिऱ्हाइकांची पावलं. दोन पावसाळ्यांत जमीन उघडी.

कृत्रिम गवताचा, म्हणजे टर्फचा, बोलबाला झाला तोही सावलीमुळेच. ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम १९६५ साली उघडलं, तेव्हा छपराला चार हजारांवर पारदर्शक तावदानं होती आणि आत खास निवडलेली बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीचीच सुधारित जात. तावदानांच्या चकाकीत उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन गेलं, गवत मेलं. मेलेल्या मैदानाला हिरवा रंग फासून उरलेला हंगाम काढला आणि १९६६ मध्ये नायलॉनचं गवत अंथरलं. तिथे छप्पर पोलादी होतं. जयनगरचं छप्पर जिवंत आहे, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आधी माती. शेजारच्या लालबागेत जो खडक आहे तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा नाइस, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. तसल्याच खडकाची झीज होऊन इथली लाल माती झाली. वाळली की टणक, भिजली की निसरडी, वर पापुद्रा धरणारी. तरी ती आपल्या सोलापूरकडच्या काळ्या मातीपेक्षा परवडली. काळी फुगते, भेगाळते आणि वरचं गवत सुरकुततं. पण नव्या व्यावसायिक इमारतीभोवती लाल माती तरी कुठे असते? तळघर खणताना वर आलेला मुरूम, विटांचे तुकडे, सुकलेलं सिमेंट, टाइलच्या कपच्या असा सगळा राडारोडा भिंतीलगत ढकललेला असतो आणि त्यावर फोटोपुरती चार बोटं माती. हा भराव वर्षभर खचत राहतो. घाईनं टर्फ अंथरलं तर त्याच्याबरोबर तेही खचतं आणि ऑक्टोबरच्या पावसात त्या खळग्यांत डबकी साचतात.

म्हणून टर्फचे नमुने बघण्याआधी एक फुटाचा खड्डा घ्यावा. पाणी भरून एकदा जिरू द्यावं, मग पुन्हा भरून घड्याळ लावावं. तास-दोन तासांत उतरलं तर निचरा ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर खाली छिद्रांची नळी टाकून ते शोषखड्ड्यात नेण्याला पर्याय नाही. बरेच कंत्राटदार इथे नाक मुरडतात, कारण नळी गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचे पैसे मागायला जड जातं.

भिंतीच्या सावलीतलं काम सरळ आहे. तीन-चार इंच खणायचं, राडारोडा काढायचा, जिओटेक्स्टाइल पसरायचं, वर खडी, तिच्यावर बारीक कच, दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर ढाळ भिंतीपासून बाहेर, आणि धुमस. सगळ्या गुंडाळ्यांचे तंतू एकाच दिशेला झुकलेले हवेत. नाहीतर एकाच रोलचे दोन पट्टे दोन रंगांचे दिसतात. मग सांध्याखाली पट्टी, चिकटवण, आणि तंतू उभे राहावेत म्हणून वाळू. सावलीत हे गवत बरंही वागतं. भर उन्हात प्लास्टिकचं पातं साठ अंशांपलीकडे तापतं, अनवाणी पाय ठेववत नाही. इथे तो त्रास नाही, आणि रंगही उशिरा विटतो.

सावली झाडाची असेल तर मात्र हीच कृती घातक ठरते. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बहुतेक मुळं वरच्या दीड फुटातच असतात. तीन इंच खणणं म्हणजे ती तोडणं आणि धुमस म्हणजे उरलेल्यांची हवा कोंडणं. झाड लगेच मरत नाही, म्हणून कुणावर ठपकाही येत नाही. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. मुळं मात्र दुपारच्या जेवणाआधी कुदळीनं गुपचूप उडवली जातात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. माझ्या मते टर्फलाही किमान तोच नियम लावावा, आणि मोठ्या रेन ट्रीला मीटरभरही अपुराच. त्या कड्यात पालापाचोळा राहू द्यावा. कड्याबाहेर न खणता नुसता जाडसर कचाचा थर हातानं पसरावा, रोलर फिरवूच नये. मुळं जाड होऊन गवत थोडं वर उचलतील, तेवढं चालवून घ्यावं.

शिवाय झाडाखाली निगा दुप्पट. गुलमोहराची इवली पर्णिका तंतूंत शिरली की झाडूला दाद देत नाही, ब्लोअर लागतो. रेन ट्रीवर कीड पडली की चिकट थेंब गळतात, त्यांवर धूळ बसते. ओलाव्यानं शेवाळ धरतं. ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकलेलं गवत आठवड्याला धुवावं लागतं, आणि मार्च २०२४ मध्ये याच शहरात पिण्याचं पाणी बागेला किंवा गाड्या धुवायला वापरलं तर ५,००० रुपये दंड लागला होता. धुण्यासाठी पावसाचं साठवलेलं पाणी हाताशी नसेल तर हा सौदा करूच नये.

कोटेशन हातात आलं की तंतूंची उंची आणि वॉरंटीची वर्षं नंतर वाचा. खडीची जाडी, पाणी कुठे सोडणार आणि बुंध्यापासून किती अंतर मोकळं ठेवणार, या तीन गोष्टी त्यात लिहून घ्या. त्यातली एकही नसेल तर ते कोटेशन नुसत्या गालिच्याचं आहे.

(पुढील लेखांकात : गच्चीवरचं टर्फ आणि वॉटरप्रूफिंगला पडणारी भोकं)