आधी माप, मग साधन
दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सहायक साधनांचे नियोजन

पुणे-सोलापूर रस्त्यावरील हडपसरच्या पश्चिमेस, वानवडी येथे, १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र कार्यरत आहे. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी स्थापन झालेल्या या केंद्राचा लाभ पुढे नागरिकांनाही मिळू लागला. कृत्रिम पाय बनविण्याच्या कामाचा एक साधा नियम आहे : उरलेल्या अवयवाचे माप व साचा घेतल्यावाचून पाय तयार होत नाही. एकाच्या मापाचा पाय दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलांना श्रवणयंत्र, भिंग किंवा चाकाची खुर्ची देतानाही हाच नियम पाळला जाणे अगत्याचे आहे.

'योग्य' साधन म्हणजे कोणते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व योग्य ती सहायक साधने विनामूल्य पुरविण्याची तरतूद आहे. या तरतुदीतील 'योग्य' हा शब्द महत्त्वाचा होय. साधन योग्य ठरते ते मुलाच्या गरजेवरून. यादीतील नावावरून नव्हे.

ही गरज ठरविण्याची एक सुटसुटीत पद्धत अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जॉय झबाला यांनी मांडली. तीत प्रथम विद्यार्थी, नंतर त्याचा परिसर, त्यानंतर त्याला करावयाची कामे आणि सर्वांत शेवटी साधन, अशा क्रमाने विचार केला जातो.

एक उदाहरण

सातवीत शिकणाऱ्या, दृष्टी अधू असलेल्या एखाद्या मुलीचा विचार करू. तिला फळ्यावरचे दिसत नाही, म्हणून ब्रेल शिकविणे हाच मार्ग आहे असे समजणे घाईचे ठरेल. प्रथम नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. हडपसर परिसरातील शाळांना महंमदवाडी येथील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय जवळचे आहे. मोठा ठसा तिला वाचता येतो असे आढळल्यास पुढचे निरीक्षण शिक्षकांचे. खिडकीच्या उजेडाने फळा चमकतो काय? ती किती अंतरावर बसते? पुस्तक वाचणे, फळ्यावरून उतरवून घेणे आणि उत्तरपत्रिका लिहिणे, यांपैकी अडचण नेमकी कोठे येते? कदाचित पहिला बाक, तिरपे मेज, गडद रेघांची वही आणि एक भिंग एवढ्याने तिचे काम भागेल. न भागल्यास मोठ्या ठशाची किंवा ध्वनिमुद्रित पुस्तके यांचा विचार करता येईल.

मुलांच्या प्राथमिक चाळणीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये 'प्रशस्त' ही तपाससूची उपलब्ध करून दिली. तिच्यावरून शंका नोंदविता येते. निदान मात्र तज्ज्ञांनीच करावयाचे असते.

साधन दिल्यानंतर

साधन हाती दिले म्हणजे काम संपले, असे नाही. मूल वाढते, तसा कानही वाढतो. श्रवणयंत्राचा कानातील साचा सैल झाला की यंत्र शीळ घालू लागते आणि मूल ते काढून ठेवते. बॅटरी संपली तरी तेच घडते. मोठ्या मापाच्या चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचे हात चाकांपर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणून साधन कोण शिकविणार, दुरुस्ती कोठे होणार आणि फेरतपासणी केव्हा, हे प्रत्येक मुलाच्या नावे लेखी नोंदविलेले असावे. या नियोजनात पालकांना आणि स्वतः मुलालाही सहभागी करून घ्यावे. साधन रोज वापरावयाचे असते ते त्यालाच.

पंचायतीचा वाटा

केंद्र शासनाची साधने पुरविण्याची योजना १९८१ पासून चालू आहे. ग्रामपंचायतींनीही स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. शाळेच्या दारातील उतरता मार्ग व वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल, तर उत्तम खुर्चीही फाटकाबाहेर अडून राहते.

शिबिरात किती साधने वाटली, हा आकडा अहवालात सहज मांडता येतो. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी किती साधने वर्गात वापरात आहेत, हा आकडाही त्याच्याशेजारी लिहिला जावा. योजनेचे खरे यश त्यातूनच कळेल.