बलदियेचा कागद

फेब्रुवारी संपत आला की दुपारच्या वेळी आमच्या दारात एखादी खाला उभी राहते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला कागद. "टीचर, बलदियेका कागद आया है, जरा पढके बोलो." निजामाच्या राज्यातला हा शब्द नांदेड-लातूरच्या जुन्या मोहल्ल्यांत अजून जिवंत आहे. नांदेडला महापालिका 1997 मध्ये झाली, लातूरला 2011 मध्ये. पण वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती बलदियाच. खाला शिकली उर्दू शाळेत, चौथीपर्यंत. कागद मराठीत, आणि मराठीसुद्धा कचेरीची: मागणी, शास्ती, अधिपत्र, अटकावणी.

गेल्या वर्षी आलेल्या एका कागदाने आम्हाला बरेच फिरवले. गावाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. बाई विधवा आहेत, घरी शिलाईकाम करतात, मुलगा नववीत. घर सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन अकरा वर्षे झाली. घरपट्टी चार वर्षांची थकलेली, शास्ती धरून आकडा त्यांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. त्यांनी रक्कम विचारलीच नाही. एवढेच विचारले, "मशीन उठाके ले जाएंगे क्या?"

नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाला जोडलेल्या कर नियमांत जप्तीतून काय वगळायचे ते लिहून ठेवले आहे. थकबाकीदाराचे आणि त्याच्या बायको-मुलांचे गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे. शेतकरी असेल तर अवजारे, बियाणे आणि पोटापुरती जनावरे. जिच्यावर घर चालते ती शिलाई मशीन म्हणजे कारागिराचे हत्यारच. हे सांगितल्यावर बाई आमच्या ओट्यावर पहिल्यांदा टेकल्या आणि पाणी मागितले.

कायद्यात हे आहे, पण नोटिशीवर ते छापलेले नसते. नोटिशीवर जप्तीची भीती असते, सवलतीचा रस्ता नसतो. आमची पहिली तक्रार हीच आहे. वसुली करू नका असे आम्ही म्हणणार नाही. जकात गेली, एलबीटी गेला. आता महापालिकेच्या स्वतःच्या हक्काची मोठी मिळकत म्हणजे घरपट्टीच. ती आली नाही तर नाली कोण काढणार, दिवाबत्तीचे बिल कोण भरणार? आमच्याच मोहल्ल्यात तीन मजली घर, दारात चारचाकी आणि सहा वर्षांची थकबाकी अशी माणसे आहेत. नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या पाचशे-हजाराच्या नोटांनी कर भरायची मुभा मिळाली, तेव्हा राज्यभर पालिकांच्या खिडक्यांवर रांगा लागल्या आणि वर्षानुवर्षे अडलेली थकबाकी काही दिवसांत जमा झाली. म्हणजे कित्येकांच्या घरात पैसे होते, फक्त द्यायचे नव्हते.

आपल्या दीनमध्ये हा फरक फार स्पष्ट आहे. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याचा हुकूम आहे, माफ केले तर ते अधिक चांगले असेही आहे. आणि ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम आहे, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. इमाम अबू यूसुफ यांनी खलिफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या किताबुल खराजमध्ये वसुलीसाठी लोकांना मारू नये, उन्हात उभे करू नये असे बजावले आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका म्हाताऱ्या यहुद्याला भीक मागताना पाहून त्याचा कर माफ केला आणि बैतुलमालमधून त्याला मदत लावून दिली, हा प्रसंगही त्याच किताबात आहे.

उन्हात उभे करण्याची आजची तऱ्हा म्हणजे दारात वाजंत्री. पाटणा महापालिकेने 2006 मध्ये थकबाकीदारांच्या दारात तृतीयपंथीयांना नाचगाण्यासाठी पाठवले, पुणे महापालिकेने अलीकडे बँड वाजवला. मोठ्या दुकानदारापुढे वाजवला तर लोक हसतात, कदाचित तो भरतोही. पण शिलाई करणाऱ्या विधवेच्या दारात तोच ढोल वाजला तर? ढोलवाल्याला कसे कळणार, कोणाजवळ नाही आणि कोण देत नाही?

मोठ्या थकबाकीदारांचा हिशेबही लोकांसमोर यायला हवा. मोबाइल टॉवर कंपन्यांनी मालमत्ता कर द्यायचा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 16 डिसेंबर 2016 ला टॉवरवर कर लागतो असा निकाल झाला. केंद्र सरकारच्या इमारतींना राज्यघटनेच्या कलम 285 मुळे कर नाही, पण सेवाशुल्क देता येते. जाता जाता मस्जिद कमिट्यांसाठी एक गोष्ट: केवळ इबादतीसाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला कलम 132 प्रमाणे सर्वसाधारण कर लागत नाही, पण खालच्या भाड्याच्या गाळ्यांना लागतो, भाडे मस्जिदीच्याच खर्चाला जात असले तरी. याची नोटीस आली की अन्याय झाला म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती लातूरकरांना शिकवावी लागत नाही. मांजरा धरण कोरडे पडले, टाक्यांभोवती जमावबंदी लागली, 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली; दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढच्याच महिन्यात रेल्वेने जवळपास 4 कोटींचे बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले. त्या दिवसांत लातूरला आमचे नातेवाईक घागरीने पाणी मोजत होते. बिलाची बातमी ऐकून लोक अवाक झाले. पाण्याला खर्च येतो हे खरेच, पण मागायची वेळ असते. नळपट्टी थकली म्हणून गरिबाचा नळ तोडणे ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे. 15 डिसेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही, हवे तर दर जास्त लावा, असे म्हटले. नळ तोडला की बाई शेजारच्या नळावर जाते आणि थकबाकी आहे तिथेच राहते.

शास्तीचा हिशेब आम्ही वर्गात मुलांकडून करून घेतला. दरमहा 2 टक्के. चार हजारांवर महिन्याला 80 रुपये, वर्षाला 960. चार वर्षे दोन महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी. एका मुलीने विचारले, "सर-मॅडम सगळे सांगतात सूद हराम, मग हे काय?" हा मसला उलेमांनी सोडवावा, आम्ही पुढच्या गणिताकडे वळलो. पालिका मार्चमध्ये शास्ती माफीची योजना काढते तेव्हा ती गरिबाच्या कामी येते हे खरे, पण दरवर्षी निघू लागली की ऐपतवाला तिचीच वाट पाहत बसतो, आणि जूनमध्ये वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो.

त्या बाईंसोबत आम्ही कचेरीत तीनदा गेलो. दुसऱ्या खेपेला नोंदवही उघडली तेव्हा कळले, पुढची खोली बिगरनिवासी म्हणून लावली होती, दुकान समजून. मशीन खिडकीतून दिसते, एवढेच कारण असावे. अशा आकारणीवर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत घ्यायची असते. ती मुदत कधीच उलटली होती, कारण मूळ कागद सासऱ्यांच्या नावाने आला आणि कोणी वाचलाच नाही. कलम 406 प्रमाणे न्यायालयात अपील आहे, पण त्याची मुदत 15 दिवसांची आणि मागणीची रक्कम आधी भरायची. जिच्याजवळ भरायलाच नाही तिने त्या दाराशी जाऊन काय करायचे? राष्ट्रीय लोकअदालतीत घरपट्टी-नळपट्टीची प्रकरणे तडजोडीला ठेवली जातात, तिथे फी नाही. मात्र तिथला निवाडा अंतिम असतो, म्हणून नीट समजून सही करावी.

आम्ही साधा अर्ज लिहिला. खोली राहती आहे, पाहणी करावी. रक्कम हप्त्याने घ्यावी. वारसांची नोंद करावी. आवक क्रमांकाचा शिक्का मारून दुसरी प्रत परत मागितली. कारकून म्हणाला, "एवढे कशाला? आम्ही आहोत ना." आम्ही उभेच राहिलो. आयतीनुसार देण्याघेण्याचे लिहून ठेवायचे असते, आणि कुरआनमधली सगळ्यात लांब आयत, बकराची 282 वी, त्याच हुकमाची आहे, हे काही आम्ही त्याला सांगितले नाही.

पाहणी झाली, खोली निवासी झाली, पण पुढच्या वर्षापासून. मागचे तसेच राहिले. चार हप्ते मिळाले. तीन भरून झालेत, पावत्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आहेत, मृत्यूच्या दाखल्यासोबत. वारस नोंदीसाठी दोन नणंदांच्या सह्या लागतात. एक परभणीला असते, तिची झाली. दुसरी भावाच्या घरात हिस्सा मागते आहे, ती ईदला येणार आहे.