गिरगावचा साग, रे रोडची करवत

गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी पाडायला घेतली की आधी लाकूड उतरवतात. तुळया, वासे, जिन्याचे कठडे, दारांच्या चौकटी. एके काळी बर्मा साग जहाजांनी मुंबईत यायचा आणि इथल्या कितीतरी चाळी त्याच्याच सांगाड्यावर उभ्या राहिल्या. आज ते मुरलेलं लाकूड टेम्पोतून भायखळा-रे रोडच्या वखारींत परततं. तिथल्याच दारूखाना भागाजवळच्या एका धक्क्याचं नावच लाकडी बंदर आहे.

हे लाकूड चिरणं जिकिरीचं काम. प्रत्येक वाशात गंजलेले खिळे असतात आणि एक जरी नजरेतून सुटला तरी बँड सॉच्या पट्ट्याचे दात जातात. मग मशीन थांबवा, पट्टा उतरवा, पुन्हा धार लावा. असल्या कामाला लागतो तो एकच मशीन आणि दोन-तीन कारागीर असलेला छोटा सॉ मिलवाला. तो तुळई हाताने चाचपतो, खिळे उपटतो, मगच मशीनला लावतो. चिराई मात्र घनफुटावर मिळते.

लालबाग-परळच्या कापड गिरण्या चालू होत्या तोवर पेट्या, मांडण्या, दुरुस्तीच्या फळ्या असं किरकोळ काम येत राही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या आणि हे गिऱ्हाईकही गेलं.

नंतरचा फेरा कायद्याचा. नीलगिरीतल्या जंगलतोडीवरून उभ्या राहिलेल्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 ला कडक आदेश दिले. 2002 पासून नव्या सॉ मिलला केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची परवानगी लागू लागली. 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो अधिकार राज्यस्तरीय समितीकडे आला. जंगलं ज्या वेगाने तुटत होती ते पाहता हा लगाम हवाच होता. पण परवान्याची कागदपत्रं सांभाळायला मोठ्या कारखान्याकडे वेगळा माणूस असतो. इथे मालकच मशीनवर उभा असतो.

म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. परदेशी ओंडका आता मोठ्या प्रमाणात कांडला बंदरात उतरतो, शेजारच्या गांधीधाममध्ये चिरला जातो आणि ट्रकमधून तयार मापांत येतो. मुंबईच्या करवतीला पहिला काप उरतच नाही. फर्निचरचं बरंचसं काम प्लायवुड आणि एमडीएफने नेलं. त्यात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कित्येक वखारी पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे आताच्या पोर्ट अथॉरिटीच्या जमिनीवर आहेत. तिथल्या भाड्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता; 2004 मध्ये त्यावर निकाल आला. भाडेपट्ट्याची मुदत संपलेल्या जागेत नवं मशीन बसवायला कोण धजावेल?

तरीही गणपतीच्या आधी गर्दी होते. पाट हवे असतात. लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत उंच मूर्तीच्या बैठकीला जाड फळ्या आणि बत्ते लागतात, तेही कारखान्यात न मिळणाऱ्या मापात. मूर्तिशाळेतला कारागीर दोन हात पसरून लांबी दाखवतो आणि संध्याकाळपर्यंत द्या म्हणतो. गांधीधामचा ट्रक तेवढ्या वेळात येत नाही.